भट्टीसाठी गोडं पाणी

माझी पहिली नोकरी अकोल्यातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात. जिनिंगच्या यंत्रांचे भाग, तेलघाण्यांची चाकं, मोटेच्या कप्प्या असलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, सामान तिथे ओतलं जाई. मी अमरावतीचा. वडील वकील, काका शिक्षक. मुलगा इंजिनिअर झाला याचा घरात आनंद होता, पण तो काळ्या हातांनी भट्टीपुढे उभा राहणार हे कुणाला फारसं पटलं नव्हतं. मला मात्र तो धूर, ती आच, साच्यात रस उतरताना होणारा फुसफुस आवाज, सगळंच आवडायचं.

चीनची लढाई होऊन गेली होती. जिकडेतिकडे पोलादाची मागणी होती. आपणही आता पोलाद ओतायचं असं आमच्या शेटजींच्या मनाने घेतलं. आमच्या कोकच्या भट्टीत बीड वितळे, पोलाद नाही. त्यासाठी विजेची भट्टी हवी. इंडक्शन फर्नेस हा शब्द कारखान्यात तेव्हा मला एकट्याला धड म्हणता येत होता, आणि त्याचा मला गर्वही होता.

"इंजिनिअर सायेब, प्लॅन तुमीच करा," शेटजी म्हणाले. "जागा, वीज, पानी, काय काय लागते थे समदं सांगा. वीज तर आता पारसहून येऊन राहिली."

मी कामाला लागलो. नव्या शेडचे नकाशे काढले. दोन भट्ट्या कुठे बसतील, वरून क्रेन कशी सरकेल, ट्रान्सफॉर्मर कुठे, भंगाराचा ढीग कुठे. खानावळीत जेवताना समोरच्या भिंतीवरही मला ती शेडच दिसे. माझ्या वयाचे मित्र सरकारी खात्यांत सह्या करत बसले होते आणि मी एक कारखाना उभा करत होतो.

अडलं ते पाण्यापाशी. या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं. त्यातून वीज वाहते, आणि ते तापून वितळू नये म्हणून नळीच्या आतून सारखं पाणी खेळवावं लागतं. ते पाणी चांगलं हवं. क्षाराचं असेल तर नळीत आतून थर बसतो, वाट बुजते आणि वेटोळं जळतं. अकोल्याकडची जमीन म्हणजे खारं पाणी. साबणाला फेस येत नाही, डाळ तासन्‌तास चुलीवर ठेवली तरी टणकच. आमच्या कारखान्याच्या विहिरीचं पाणी चहाच्या किटलीत उकळलं की बुडाला पांढरी खपली धरे. ती मी नखाने खरवडून पाहिली आणि माझा सगळा उत्साह उतरला.

मग मी आसपासच्या विहिरी पाहत सुटलो. कारखान्याच्या मागे, मोर्णा नदीच्या अंगाला, एका माळी कुटुंबाचा मळा होता. वांगी, मेथी, गवार, बांधाच्या कडेने शेवंती आणि झेंडू. त्यांच्या विहिरीचं पाणी गोडं. का ते कुणाला माहीत नव्हतं. नदीजवळ असेल म्हणून असेल. आसपासच्या वस्तीतल्या बायका प्यायचं पाणी तिथूनच नेत. मोटेचं पाणी थारोळ्यात पडलं की माळीणबाई आधी त्यांच्या घागरी भरू देई, मग पाटाला वाट देई.

तिला मी वहिनी म्हणत असे. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची, उंच, बोलायला मोकळी. मीही माझ्या खोलीवर पिण्याचं पाणी तिच्याकडूनच आणायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने मला उभं-आडवं पाहून घेतलं होतं.

"अमरावतीचे काय तुमी?"

"हो. कसं ओळखलंत?"

"घागर अशी धरली न, जशी काय कोनी लेकरू हाती देल्लं. नळाच्या गावचे दिसता."

तपासायला बाटली घेऊन गेलो तेव्हा मी तिला खरं तेच सांगितलं. कारखान्याला कुठलं पाणी चालेल ते पाहतोय, सगळ्या विहिरींचं पाणी घेतोय. तिने माझ्या हातातली बाटली घेतली, तीनदा विसळली आणि थारोळ्याचं पाणी नको म्हणून स्वतः पोहरा सोडून विहिरीतून ताजं काढलं.

"आमच्या इहिरीले नाव नाई ठेवू शकत कोनी," ती म्हणाली. "पाहाच तुमी."

पाणी मी अमरावतीला कॉलेजातल्या एका मित्राकडे दिलं. त्याने तपासून सांगितलं, वापर खुशाल. मला इतका आनंद झाला की परत आल्यावर मी तडक मळ्यातच गेलो.

"वहिनी, तुमचं पाणी पहिल्या नंबरानं पास."

तिचा चेहरा असा फुलला की बस. पाण्याला आलेल्या बायकांना तिने हाका मारून सांगितलं. "आयकलं काय वो? इंजिनिअर सायबानं आमचं पानी पास केलं! अकोल्यात असं पानी नाई म्हंते!" मला तिने टोपलीभर वांगी बांधून दिली. ती मी घेतली. खानावळवाल्या काकूंनी त्यांचं भरीत केलं आणि सगळे मिटक्या मारत जेवले.

त्याच आठवड्यात मी शेटजींना प्लॅन दाखवला. त्यात पाण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे आमचंच खारं पाणी यंत्राने शुद्ध करून घ्यायचं आणि तेच थंड करून पुन्हा पुन्हा फिरवायचं. खर्च जास्त, कटकटही जास्त, पण होण्यासारखं होतं. दुसरा मार्ग मागची विहीर. शेटजींनी पहिल्या मार्गावर बोट ठेवलं.

"हे लागतेच काय?"

लागतं म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं, कारण या विषयातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. पण खर्च वाढला तर सगळा बेतच बारगळेल ही धास्ती मला होती. माझी शेड, माझी क्रेन, माझ्या दोन भट्ट्या.

"विहीर मिळाली तर नाही लागत," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो आहे.

शेटजी जुलूम करणारे नव्हते. त्यांनी माळ्याला बोलावलं, चहा पाजला, मळ्याला चांगला भाव सांगितला. वर कारखान्यात कायमची नोकरी. विहिरीवर मोटार बसणार होती, ती चालवायला माणूस लागणारच होता. माळी बैलांमागे चालून आणि बाजारात भावासाठी घासाघीस करून कंटाळलेला. तो तिथेच हो म्हणाला. घरी जाऊन बायकोला विचारावं असं त्याला वाटलं नाही, आणि शेटजींनाही वाटलं नाही. मी तिथेच बसलो होतो. मलाही वाटलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या फाटकापाशी आली. आत आली नाही. मी बाहेर गेलो.

"तुमीच सांगतलं न शेटजीले?"

"मी फक्त पाणी तपासलं, वहिनी. सौदा तुमच्या मालकांनी केला."

"त्याईनं केला. मले मालूम हाये. पन इहीर दाखवली मी न तुमाले. मीच भरून देल्ली बाटली."

मी भट्टीचं, पोलादाचं, देशाच्या गरजेचं काहीतरी बोलू लागलो. नवऱ्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल, पोरं शिकतील, हेही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अन्‌ बाया पानी कुठून नेतीन?" तिने विचारलं.

या प्रश्नात मला सुटका दिसली. मी शेटजींकडे जाऊन अक्षरशः हट्ट धरला की भिंतीबाहेर वस्तीसाठी एक नळ ठेवायचा. ते लगेच कबूल झाले. धर्माचं काम आहे म्हणाले. मी स्वतः उभा राहून तो नळ बसवून घेतला, खाली घागर ठेवायला दगडी ओटा बांधून घेतला. त्या रात्री मी शांत झोपलो.

विहिरीभोवती भिंत आली. शेवंतीच्या वाफ्यांवर शेडचा पाया खणला गेला. मोटार बसली. माळी खाकी शर्ट घालून सकाळ-संध्याकाळ पंप सुरू करी, बाहेरचा नळ थोडा वेळ चाले आणि मग बंद होई. पूर्वी बायका दिवसात कधीही येत, बसत, बोलत. आता नळ सुटायच्या वेळी सगळ्यांची एकच गर्दी. रांग लागे, भांडणं होत.

एका सकाळी मी कामावर येताना पाहिलं, रांगेत वहिनी उभी होती. डोक्यावर चुंबळ, कमरेवर घागर, पुढे बऱ्याच बायका. घर तिचं तिथेच होतं, पण विहीर भिंतीच्या आत. पुढच्या एकीने तिला पाहिलं आणि बाजूला सरली.

"तू भर वो आधी. तुह्यीच इहीर हाये."

"होती," वहिनी म्हणाली. "लागू दे नंबर."

तिने मलाही पाहिलं. तिच्या बघण्यात राग असता तर मी त्याला काही उत्तर शोधलं असतं. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं तिने पाहिलं आणि घागर दुसऱ्या कमरेवर घेतली. त्या दिवसापासून मी मागच्या रस्त्याने कामावर येऊ लागलो. पिण्याचं पाणी आता कारखान्यातला गडी माझ्या खोलीवर आणून देई. त्यासाठी मला कुठल्याच रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

भट्ट्या बाहेरदेशातून यायच्या होत्या. परवान्यासाठी शेटजींनी मुंबईच्या किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. मीही दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. आज, उद्या, पुढच्या महिन्यात. मग पाकिस्तानशी लढाई झाली. परवाना अडकला. पुढच्या वर्षी रुपयाची किंमत उतरली आणि बाहेरच्या मालाचे भाव असे चढले की शेटजींनी नकाशे गुंडाळून माझ्या हातात दिले.

"जाऊ द्या सायेब. आपल्या नशिबात बीडच हाये."

ते हसत म्हणाले, पण हसणं ओढूनताणून होतं. त्यांचाही बराच पैसा अडकून गेला होता. मी तिथेच त्यांना विचारलं, "मग ती विहीर माळ्याला परत द्याल?"

"पैसे परत देत असन तर आज घेऊन जा म्हना. मले काय करायची थे?"

मी त्याच पावली माळ्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता, वहिनी बाजारातून घाऊक आणलेली मेथी विकायला जुड्या बांधून ठेवत होती. मळा गेल्यापासून ती हेच करायची. मी शेटजींचा निरोप सांगितला. माळी मोठ्याने हसला.

"पैसे कुठचे सायेब आता? घर बांधलं, पोरीचं लगन केलं. अन्‌ खरं सांगू काय, आता नाई होत मातीचं काम. तुमच्या पायी नोकरी लागली मले. चांगलं झालं. तुमाले इसरनार नाई मी."

तो मनापासून बोलत होता. माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला धरलं. वहिनीचे हात थांबले होते.

"भट्टी येनारच नाई म्हंता?" तिने मला विचारलं.

"नाही, वहिनी."

"मंग काहून घेतली आमची इहीर?"

माळी तिच्यावर खेकसला, "सायबाले काय इचारतं!" ती पुन्हा जुडी बांधू लागली. जाताना तिने मला मेथी घेऊन जा म्हटलं. मी नको म्हणालो. तेही चुकलंच, असं आता वाटतं.

त्या वर्षअखेरीला मी अकोला सोडलं. पुढे नागपूरकडे एका मोठ्या कारखान्यात लागलो. तिथे विजेच्या भट्ट्या होत्या, आणि त्यांचं पाणी यंत्रातून शुद्ध होऊन फिरत असे. पहिल्या मार्गाने. पहिल्या दिवशी ते पंप मला मोठ्या कौतुकाने दाखवले गेले.

नंतर कधीतरी अकोल्याला गेलो तर वस्तीत नगरपालिकेचे नळ आले होते. आमचा कारखाना रडतखडत चालू होता. शेडच्या पायाच्या खड्ड्यांत बाभळी उगवल्या होत्या. विहिरीवर पत्रा टाकलेला. माळी वारल्याचं कळलं, आणि वहिनी तिवस्याला लेकीकडे राहायला गेल्याचं.

तिवसा म्हणजे अमरावती–नागपूर रस्त्यावरच. आई असेतोवर मी त्या रस्त्याने वर्षातून कितीदा तरी ये-जा करत होतो. गाडी तिवस्याला थांबायची, लोक उतरून चहा प्यायचे. मीही उतरायचो. हॉटेलवाल्याला नुसतं विचारलं असतं तरी त्या लेकीचं घर सापडलं असतं, गाव केवढंसं. मी चहा प्यायचो, पैसे द्यायचो आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत जागेवर येऊन बसायचो.