सखूबाईचं विरजण

आंबवड्याच्या वर, डोंगराला टेकलेल्या वाडीत रखमाजीची जीभ दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक तर ती कुणाची भीडभाड ठेवायची नाही. दुसरं म्हणजे ताकाचा घोट घेतला की म्हैस काल कुठल्या बांधावर चरली, ते तो सांगायचा. पहिल्या गुणापायी लोक त्याला टाळायचे आणि दुसऱ्यापायी घुसळण झाली की पेला त्याच्यापुढे धरायचे.

त्याच्या घरचं ताक मात्र आगळंच. बायको सखूबाई लग्न होऊन आली ती माहेरचं विरजण वाटीत घेऊन. रोज दिवेलागणीला कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा, सकाळी घुसळण, पुन्हा संध्याकाळी चमचा. असा त्यांचा सगळा संसार झाला आणि विरजण एकदाही मोडलं नाही. तिचा नियम साधा होता. दही वाढायच्या आधी उद्याचं विरजण वाटीत काढून ठेवायचं, मग दारात देव आला तरी त्या वाटीला हात लावायचा नाही.

सखूबाई गेली त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती. रखमाजीनं शेजारच्या धनाजीच्या बायकोकडून, रत्नाकडून, दूध कोमट करून आणलं आणि भरल्या डोळ्यांनी विरजण लावलं. पुढेही रोज लावत राहिला. बाप्या माणूस दही लावतो म्हणून वाडी हसली. त्यानं तिला आपल्या ठेवणीतल्या दोन शिव्या दिल्या आणि रवी घुमवत बसला. सकाळी त्या ताकाचा पहिला घोट जिभेवर पसरला की सखू आत कुठंतरी भांडी आवरते आहे, असं त्याला वाटायचं. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

मग गालात गाठ आली. किकवीला दिलेली लेक सोनिया त्याला पुण्याला घेऊन गेली. ऑपरेशन झालं, वर रेडिएशनचे शेक द्यायचे म्हणून तिकडेच राहावं लागलं. निघताना त्यानं म्हशीचं दावं आणि विरजणाची वाटी दोन्ही रत्नाच्या हाती दिली. म्हशीबद्दल एक शब्द बोलला नाही. वाटीबद्दल मात्र तिचं डोकं उठेस्तोवर बोलला.

गाठ गेली, पण शेकांनी तोंडातली लाळही नेली. सोनियानं किकवीला राहायचा आग्रह धरला, तो यानं धुडकावला. घरी आला, रत्नानं आणून दिलेल्या वाटीतून विरजण लावलं आणि सकाळी घुसळून घोट घेतला. काहीच नाही. ताक नुसतं खरखरीत लागलं, पीठ कालवल्यासारखं. लोण्याची गोळी टाळूला चिकटून बसली, ती बोटानं खरवडून काढावी लागली. ताक बिघडलंय की आपण, तेच त्याला कळेना.

तो एसटीनं भोरला गेला. तिथल्या डॉक्टर शुभ्राताई वयानं लहान, पण बसवून नीट सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या की दुधाताकात लोण्याचे अगदी बारीक थेंब तरंगत असतात. जिभेवर लाळेचा बुळबुळीत थर असतो, ते थेंब त्याच्यात मिसळून पसरतात, म्हणून घोट मऊ लागतो आणि चव तोंडभर फिरते. तुमचा तो थरच सुकलाय. रखमाजीला ते लगेच पटलं. कोरड्या तव्यावर घातलेलं धिरडं चिकटून फाटणारच. लाळ परत येईल का, असं त्यानं विचारलं. थोडी येईल, पण पहिल्यासारखी येईलच असं सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तो दार लोटून जेवू लागला. भाकरीच्या घासागणिक पाण्याचा घोट लागायचा, आणि ते कुणी बघितलेलं त्याला खपत नव्हतं. लग्नाकार्याच्या पंगती सोडल्या. फार एकटा पडला. पण विरजण लावायचं सोडलं नाही. चव कळत नसेल, म्हणून काय सखू घरात नाही? डोळे मिटून, पाण्याबरोबर तो ते ताक नेमानं उतरवायचा.

एका दुपारी रत्ना आली आणि उंबऱ्यातच बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"तात्या, तुमी पुण्याला व्हता तवा नणंदेच्या सासरचे पाव्हणे आले व्हते. दही संपलं. त्यांनी आनखी मागितलं. जेवत्या मानसाला न्हाई कसं म्हणू? म्या ती वाटीच वाढली. मग भोरवरनं पिशवीचं दही आणून लावलं."

रखमाजीनं मान वळवून आतल्या वाटीकडे पाहिलं.

"वाटलं, पयल्या घोटालाच तुमी वरडाल. तुमी वरडलाच न्हाई. रोज पिताय. मला बघवंना."

तो ओरडेल म्हणून ती अंग चोरून बसली होती. वाडीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढणाऱ्या त्या माणसाला आज एक कडवट शब्द सापडला नाही.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं, रत्ना," तो हळूच म्हणाला. "माझ्यापुरती सखू राह्यली असती."

रत्ना रडायला लागली. त्यानं तिला पाणी दिलं आणि तुझा दोष नाही, पाहुण्याला तूच काय, कुणीही नाही म्हणालं नसतं, असं समजावलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दूध संकलन केंद्रावर माप घेणाऱ्या सावळारामनं त्याची किटली तोलून पाहिली. नेहमीपेक्षा दूध जास्त होतं. आज घरी विरजणाला ठेवलं नाही का, असं त्यानं सहज विचारलं.

"घरी कोण हाय प्यायला?" रखमाजी म्हणाला. "एकटाच हाय मी."

सखूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. आपण एकटे आहोत, हे तो आज पहिल्यांदा म्हणाला. सावळारामनं मान हलवली आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं.