रेघ नसलेल्या खुणा

मास्तरांबद्दल लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत ठणठणीत होती. चार ओळी लिहिल्या तर पाचवी आपोआप खरी लिहिली जाईल, ही भीती होती. आता मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, आणि परवा शेजारी दारात उभा असताना त्याचं नाव आठवेना. त्यामुळे आता न लिहिण्याचीच भीती जास्त वाटते.

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनमध्ये ज्यांनी मास्तरांना पाहिलं त्यांना आधी त्यांचं बोट आठवेल. समोरचा बोलत असला की त्यांची तर्जनी हवेत हलायची. आवाज चढला की वर, उतरला की खाली. माझी बायको चहाला हाक मारायची तेव्हा ते बोट वर नेऊन तिथेच धरून ठेवायचे. "वहिनी, तुमचा आवाज वर जातो तो खाली येतच नाही. माणूस घाबरून चहा पितो." ती म्हणायची, "मग पुढच्या वेळी कॉफी मागा. तेव्हा येईल खाली."

मास्तर वसईचे, कॅथलिक. लहानपणी चर्चमध्ये लॅटिन गाणी गायलेले, पुढे गावातच शाळामास्तर. पत्नी गेल्यावर मुलीकडे, रीटाकडे, राहायला आले. दर मंगळवारी ऑफिसला जाताना रीटा त्यांना माझ्याकडे सोडायची. मी तीस वर्षं कंपन्यांचे डेटाबेस सांभाळून नुकताच रिटायर झालो होतो, म्हणून ते मला 'इंजिनीअर' म्हणत.

त्यांचा विषय एकच, गाणं कागदावर कसं आलं. "शेकडो वर्षं चर्चचं गाणं फक्त गळ्यात होतं," ते सांगायचे. "सगळं पाठ व्हायला दहा-दहा वर्षं लागायची. मग कुणा साधूला भीती वाटली."

"कसली भीती?"

"विसरायची! अहो, आठवतंय तोवर कोण लिहितो?"

त्या साधूंनी शब्दांच्या वर बारीक खुणा केल्या. इथे आवाज चढतो, इथे उतरतो, इथे थरथरतो, एवढंच. किती चढतो ते नाही. ज्याला गाणं येत होतं त्यालाच त्या कळायच्या. इतरांना ती मुंग्यांची रांग. पुढे कुणीतरी एक आडवी रेघ ओढली, मग चार झाल्या, आणि कुठली खूण कुठल्या रेघेवर आहे ते पाहून कधी न ऐकलेलं गाणंही गाता येऊ लागलं. इथपर्यंत आले की मास्तरांचा चेहरा उजळायचा, जणू ती रेघ कालच कुणी ओढली होती.

त्यांची स्वतःची एक वही होती. तिच्यात त्यांच्या आईची, वसईकडच्या सामवेदी बोलीतली लग्नगाणी होती. शब्द शाईने आणि वर पेन्सिलीने तशाच जुन्या खुणा, रेघांशिवाय. "या फक्त माझ्या कामाच्या," ते म्हणत. "मला आठवतंय तोवर रेघांवर चढवायला हव्यात. मग रीटाची मुलं गातील, त्यांची मुलं गातील."

घाईचं कारण मला ठाऊक होतं. रीटाने फोनवर सांगितलं होतं, "काका, पपा काल स्टोव्ह ऑन ठेवून वॉकला गेले. मला खूप टेन्शन आलंय." गाता गाता मास्तर मध्येच थांबायचे. चेहरा पांढरा पडायचा, डोळे भिरभिरायचे. मग ते वहीतल्या खुणेवर बोट ठेवायचे, बोट हलायचं आणि आवाज परत यायचा. "सापडलं," ते हळूच म्हणायचे. त्या क्षणी खोलीत आम्ही दोघंही घाबरलेले असायचो.

एका मंगळवारी त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "इंजिनीअर, शब्द मोठ्या अक्षरांत छापून द्या. वर जागा सोडा. रेघा मी मारतो."

मला त्याहून मोठं काही करायचं होतं. पानं पिवळी पडून तुटत होती, बुरशीचा वास येत होता. मी अख्खी वही स्कॅन केली, डाग काढून टाकणारं बटण दाबलं, प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करायला दिली आणि जुनी वही रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय मूळ पुसायचं नाही, हे मी तीस वर्षं हाताखालच्या पोरांना ओरडून शिकवलं होतं. बाइंडिंग हातात आलं तेव्हा शब्द काळेभोर, सुबक होते. वरची जागा कोरी होती. पेन्सिलीच्या फिकट खुणा मशीनने डाग समजून पुसल्या होत्या. फाइलही तशीच. डबा उचलणारा ट्रक सकाळीच येऊन गेला होता.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. "इंजिनीअर, वही झाली का?"

मी म्हणालो, "वही तर तुम्ही परत नेलीत, मास्तर. मंगळवारी."

"मी नेली?"

"हो. तुमच्या निळ्या पिशवीतून."

फोनमधून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "असेल. असेल हो."

रीटाने घर, गाडी, गराज सगळं उपसलं. मास्तर पुढच्या मंगळवारी आले नाहीत, त्यापुढच्याही नाहीत. जेवलो का, हे ते दिवसातून तीनदा विचारू लागले. आठवत असलं तरी विचारायचे, कारण आठवण्यावरचा विश्वासच उडाला होता. शेवटी तेच रीटाला म्हणाले, "मला कुठेतरी ठेव बाई. माझा भरवसा नाही. उद्या घर जाळेन."

रीटाने त्यांना ठेवलं त्या वृद्धांच्या संस्थेत मी एकदाच गेलो. कोरी प्रिंट पिशवीत घेऊन, सगळं सांगायचं ठरवून. मास्तर खिडकीशी बसले होते. हात मांडीखाली दाबलेले.

"तुम्हाला उगाच त्रास झाला," ते म्हणाले. "रीटा सारखी विचारत होती ना? माफ करा हं. मीच हरवली." मग पुढे झुकून, कुणी ऐकेल अशा भीतीने त्यांनी विचारलं, "इंजिनीअर, एक खरं सांगा. तुम्ही मला नेताना पाहिलंत? मला तर ती तुमच्या टेबलावर ठेवलेलीच आठवते. त्यापुढचं काहीच नाही."

मी म्हणालो, "पाहिलं, मास्तर."

त्यांनी मान हलवली आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. दोन महिन्यांनी ते गेले. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसलो, आणि रीटा माझ्याकडे येते आहे असं दिसल्यावर बाजूच्या दाराने निघून आलो.

रीटा, हे छापून येण्याआधी तुला वाचायला पाठवतो आहे. पपांनी काहीही हरवलं नव्हतं.

आणि मास्तर, तुम्हाला आठवत होतं ते बरोबर होतं. वही तुम्ही माझ्या टेबलावरच ठेवली होती. त्यापुढचं काही आठवत नव्हतं, कारण त्यापुढे तुम्ही काही केलंच नव्हतं. मला क्षमा करा.