भिंतीला पाणी

माझे सासरे आमच्या घरी येत, पण घरात येत नसत. दार उघडं असे, त्यांची लेक शोभा उंबऱ्यात येऊन थांबलेली असे. तिच्याकडे बघून ते हसत आणि सरळ पश्चिमेच्या भिंतीकडे वळत. पिशवीतून खुरपं काढून त्याच्या लाकडी मुठीनं भिंत ठोकत सुटत. कान गिलाव्याला लावलेला, डोळे मिटलेले. एखाद्या जागी आवाज बदलला की डोळे न उघडताच मला हाक मारत, "पावनं, हितं या. आयका. भिंत दमलीया हितं."

त्यांना सगळे आप्पा म्हणत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांची हयात गेली. बांधकामाशी त्यांचा संबंध एवढाच, की आम्ही बेळगावात अनगोळला घर बांधलं तेव्हा मी फौंड्रीत कामाला होतो आणि ते नुकतेच रिकामे झाले होते. गवंड्यांवर लक्ष ठेवायला ते येऊन बसत. घर पुरं झालं, गवंडी गेले, पण आप्पांचं लक्ष ठेवणं काही संपलं नाही. दसरा होऊन पाऊस पुरता सरला की ते निपाणीहून पहाटेची गाडी धरत आणि वर्षातला एक दिवस आमच्या भिंतीला देत. बेळगावचा पाऊस वरून कमी पडतो, पश्चिमेकडून आडवा जास्त येतो. चार महिने ती भिंत मार खात उभी असते. कुठं भेग गेलेली असते, कुठं पोपडे सुटलेले असतात, तर कुठं वरून सगळं धड दिसतं आणि आत गिलावा विटेपासून सुटलेला असतो. ते शेवटचं फक्त आवाजावरून कळतं.

पोकळ वाजेल तिथला गिलावा ते खुरप्यानं पाडत, जागा भिजवत आणि सिमेंट-वाळू कालवून थापीनं भरत. हात काही कसबी नव्हता. कधी चांगला गिलावाही पाडून ठेवत. मी बोललो तर म्हणत, "आवंदा न्हाय तर फुडल्या साली पडला असता की. माझी खेप वाचली." ओल पुरती वाळल्याशिवाय रंगाला मात्र हात लावू देत नसत. "वल्या अंगावर नवं कापड घालून कोन बसतंय का, पावनं?"

काम झालं की शोभाला सांगत, "चार दिस पाणी मार गं हेला. सकाळ-संध्याकाळ. तहानली तर तडकंल."

शोभा म्हणे, "भिंतीला माझं पाणी चालतंय. तुमालाच चालत न्हाय."

"भिंतीला कुठं लेक असती?" असं म्हणून ते फाटकाबाहेरच्या दगडावर बसत आणि घरून आणलेली भाकरी सोडत. पाण्याची बाटलीही निपाणीहून भरून आणलेली असे.

लेकीला मूल होईतो तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडे जुन्या माणसांनी पाळलेली मी पाहिली आहे. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत सुटका होते. बारशाला येतात, पोटभर जेवतात. आमच्याकडे बारसं झालंच नाही. बेळगावचे डॉक्टर झाले, कोल्हापूरचे झाले, आणि एके दिवशी आम्ही दोघांनी न बोलता ते थांबवलं. आप्पांची बाटली मात्र दर दसऱ्यानंतर येत राहिली.

मला तो टोमणा वाटे. एका वर्षी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. ऊन होतं, त्यांची बाटली संपली होती आणि ते नळाला तोंड लावून पाणी पीत होते. माझा तोल गेला. "आप्पा, ह्या नळाचं चालतंय आनि लेकीच्या हातचं चालत न्हाय? काय इख हाय काय आमच्या घरात?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. रागावले नाहीत. "तसं न्हाय वो, पावनं. रीतीचं मला काय पडलंय? शेजारची समदी मोडून बसल्यात. पर मी तिच्या घरचं पाणी पिलो म्हंजी मी आशा सोडली, असं हुईल. तिला न्हाय कळायचं, पर मला कळंल की. डाक्टरनं सोडली, तुमी सोडलासा. बापानं तरी धरून ऱ्हावं का नगो?"

गाडी लागली आणि ते चढून गेले. खिडकीतून म्हणाले, "शोभीला ह्यातलं काय बोलू नगासा."

मी बोललो नाही.

त्यानंतरही ते येत राहिले आणि भिंतीवरची ठिगळं वाढत गेली. जुना रंग आणि नवं सिमेंट कधी एक होत नसे. कामावरचा एक मित्र घरी आला तेव्हा म्हणाला, "घराला गोधडी पांघरलीस काय रं?" मी हसलो, पण ते मनात राहिलं. आप्पांचंही वय झालं होतं. शिडीवर चढले की शोभा खाली शिडी धरून उभी राही आणि तिचा जीव वर टांगलेला असे. पुढच्या मे महिन्यात मी पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत निळे पत्रे मारून घेतले. आमच्या भागात बरेच जण मारतात, पावसाचा प्रश्नच मिटतो. शोभाला म्हणालो, "आता आप्पांना तरास न्हाय." त्रास कुणाचा वाचवत होतो, हे तेव्हाही मला पुरतं ठाऊक होतं.

त्यांना कळवलं नव्हतं. दसरा झाला, ते आले. नेहमीसारखे पश्चिमेला वळले आणि थांबले. मग खुरपं काढून पत्र्यावर ठोकलं. दोन पावलं सरकून पुन्हा ठोकलं. पत्र्याचा आवाज सगळीकडे सारखाच येतो. त्यांनी टोकापर्यंत जाऊन बघितलं. बाकीच्या भिंतींना पाऊस लागत नाही. त्याही ठोकून आले, आणि माझ्याजवळ उभे राहिले.

"झ्याक केलंसा, पावनं," ते म्हणाले. "आता काय बगायचं ऱ्हायलं न्हाय."

त्या वाक्यात राग असता तर बरं झालं असतं. ते हळूच पायरीवर बसले. खुरपं पायरीच्या कडेला ठेवलं. पिशवीत पाण्याची बाटली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. तिचं टोपण मला दिसत होतं.

"शोभे," त्यांनी आत हाक दिली, "वाईच पाणी आन गं."

शोभा धावतच आली. तांब्या-भांडं आणताना तिच्या हातून निम्मं पाणी सांडलं. आप्पांनी भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. ती पदरानं डोळे पुसत हसत होती. "आप्पा, चा टाकू? भात टाकू?"

"नगं. गाडी चुकंल."

ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. मी "आप्पा, पत्रं काढून टाकतो" असं म्हणू शकलो असतो. त्यानं काही झालं असतं की नाही, ठाऊक नाही. मी त्यांची पिशवी उचलली. फाटकाशी आठवण करून दिली, "खुरपं ऱ्हायलं तुमचं."

"असू द्या हितंच. आता मला काय कराचं हाय त्येचं?"

त्या संध्याकाळी शोभानं संकेश्वरला आपल्या बहिणीला फोन केला. "आप्पांनी रीत मोडली गं माझ्यासाठनं," असं ती सांगत होती. तिचा आवाज इतका हलका झालेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

माघात आप्पा गेले. झोपेतच गेले. निपाणीला भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला शोभा तेच सांगत होती, "जायच्या आदी माझ्या हातचं पाणी पिऊन गेले." बायका मान डोलावत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्या पाण्याचा अर्थ त्या घरात मला एकट्याला ठाऊक होता. तिला ज्या आठवणीचा आधार होता, तीच मला आत टोचत होती. तिला खरं सांगितलं तर आधार जाणार, आणि नाही सांगितलं तर मी रोज तिच्याशी खोटं वागणार. अजून माझ्याच्यानं ठरत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी सुट्टीच्या दिवशी बाहेरून टकटक ऐकू आली. गेलो तर पूर्वेच्या भिंतीशी शोभा उभी, हातात आप्पांचं खुरपं आणि कान भिंतीला.

"अवो, आयका बगू. हितं पोकळ वाजतंय का?"

मी कान लावला. वाजत होतं. तिनं गिलावा पाडला, मी सिमेंट-वाळू कालवली. भरलेली जागा आप्पांच्यासारखीच ओबडधोबड झाली, रंगाला न जुळणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन पाणी मारायला लागलो. ती पायरीवर बसून बघत होती.

"आप्पा असते," ती म्हणाली, "तर आता आत येऊन बसले असते. चा पिले असते. एकदा पाणी पिल्यावर मग काय ऱ्हातंय, व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणालो, आणि भिंतीवर पाणी मारत राहिलो.