निघालं का ठरलं?

वाव्हळे सरांना कोणी बातमी सांगितली की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि मग विचारायचे, "निघालं का ठरलं?" मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. मी हिंगोलीकडची, गणित शिकवायला नेमलेली, गावात कोणाची ओळख नाही. शिक्षकांच्या खोलीत गप्प बसवेना म्हणून मी म्हटलं, "सकाळची परभणी गाडी बंद होणार आहे म्हणे."

कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या एका किडकिडीत गृहस्थांनी चष्मा काढला. "निघालं का ठरलं, ताई?"

मला काही कळलं नाही. ते हसले नाहीत, नीट समजावून सांगू लागले. "खरं असतं ते आपोआप बाहेर निघतं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ठरतं ते मात्र माणसं बसून ठरवतात. गाडी बंद होणार हे तुम्हाला कुठून कळलं?"

"दुकानात दोघं बोलत होते."

"मग 'ऐकलंय' म्हणा. चांगला शब्द आहे तो. त्यात कोणाची फसवणूक नाही."

पालमच्या अलीकडच्या त्या गावात वाव्हळे सर इंग्रजी शिकवायचे. छप्पन्न साली वस्तीने धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, आणि वस्तीतून पदवीपर्यंत पोचलेले ते पहिलेच. मीही बौद्ध, त्यामुळे मला खोली मिळाली ती वस्तीतच, त्यांच्या घराला लागून. परभणीहून येणाऱ्या एसटीतून त्यांचा इंग्रजी पेपर एक दिवस शिळा होऊन यायचा. तो ते वर्गात नेत आणि व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवून त्यातून शिकवत. इंग्रजी लिहिणारा माणूस निकाल कसा सांगतो आणि खरं कसं सांगतो, हा त्यांचा आवडता विषय होता. 'टर्न्ड आउट' म्हणजे निघालं, 'प्रूव्ह्ड' म्हणजे सिद्ध झालं, 'इज बिलीव्ह्ड टु बी' म्हणजे तसं मानतात, यांतला फरक ते शेतातल्या पिकांतला फरक दाखवावा तसा दाखवत. दहावीचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये नुसती तट्ट्याची भिंत होती. माझी मुलं गणितं सोडवत असली की मी त्यांचाच धडा ऐकत उभी राहायची.

"नदीत नाव उलटली," ते एकदा सांगत होते, "तर आपण काय म्हणतो? सगळे गेले. इंग्रजी पेपरवाला तसं लिहीत नाही. तो लिहितो, 'फिअर्ड डेड'. मेल्याची भीती आहे. भीती आज लिहितो. मरण उद्या, कोणी पाहून आल्यावर."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, अन् एखादा जिता निघाला तर? मंग ती भीती खोटी व्हती का?"

सरांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "नाही. भीती खरीच होती. माणूस जिता निघाला, एवढंच."

मी एकदा त्यांच्याशी वादही घातला. म्हटलं, इंग्रजी लिहिणारे काय खोटं बोलत नाहीत? ते म्हणाले, "भरपूर बोलतात. पण त्यासाठी त्यांना शब्द निवडावा लागतो. तिथं त्यांना पकडता येतं."

त्यांच्या या सवयीची सगळ्यात जास्त थट्टा गयावहिनी करायच्या, म्हणजे त्यांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. दोघंच, आणि दारात एक कडुलिंब. वहिनीही त्यांना वस्तीसारखं 'सर'च म्हणत. "आमच्या सरांला पाऊस यायलाय म्हणलं तर अंगणात जाऊन हात पुढं करतेत," त्या मला सांगायच्या. "थेंब पडल्याबगर वाळवण काडू देत न्हाईत. दोनदा पापड भिजले माझे." सर ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि जेवत राहत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नेमक्या त्याच आठवड्यात गयावहिनी माहेरी गेल्या होत्या. झरीच्या पुढे एक खेडं आहे, तिथे त्यांची आई तापाने पडली होती. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या बंद झाल्या.

आमच्या गावात काही पेटलं नव्हतं. पण बायकांना निंदणीला बोलावणं येईना. ऐन निंदणीचे दिवस, काळ्या रानात गवत माजलेलं, आणि कोणी हाक मारायला येत नाही. आम्हाला पहिली भीती वाटली ती त्यानेच. शाळेजवळचा हॉटेलवाला रोज सरांना नमस्कार करायचा, तो चुलीत बघत राहू लागला. वस्तीत माणसं हळू बोलायला लागली. लेकरांच्या खोकल्यावरही आया दबक्या आवाजात रागवायच्या. प्रत्येक घरात एक गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. मीही बांधलं. त्यात काय घ्यावं हे सुचेना म्हणून एक साडी आणि डबाभर ज्वारीचं पीठ घेतलं.

सरपंच एकदा शाळेच्या फाटकापाशी भेटले. भले गृहस्थ होते. सरांना म्हणाले, "तुम्ही फिकीर करू नका सर. आपल्या गावात काही होणार नाही. काल बैठक झाली. ठरलंय तसं."

सरांनी मान हलवली. आम्ही वस्तीकडे चालू लागलो. ओढ्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "ताई, न जाळायचं ठरवायलासुद्धा बैठक घ्यावी लागली." पुढे घरापर्यंत मला त्यांच्या चपलांचा चिखलातला आवाज तेवढा ऐकू येत होता.

त्यानंतर तुकाराम आला. वहिनींचा चुलतभाऊ. शेताशेतांतून चालत आला होता, पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले. सरांच्या ओट्यावर त्याने बसकण मारली आणि मान न उचलता सांगितलं, "जळलं, दाजी. समदी गल्ली जळली. माय बी गेली अन् गयाताई बी गेली."

कडुलिंबाखाली माणसं जमली. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तू पाहिलंस?"

"घर पाह्यलं. नुसत्या भिंती हायती."

"गयाला पाहिलंस?"

"कसं दिसंल, दाजी? आत काई ऱ्हायलंच न्हाई."

"म्हणजे पाहिलं नाहीस."

तुकाराम रडायला लागला. त्याच्यामागून बायकांनी सूर धरला. पलीकडच्या घरातल्या मुक्ताबाई सगळ्यांत पुढे होत्या. वहिनींची आणि त्यांची जिवाभावाची सोबत. त्या दार ओलांडून आत जाऊ लागल्या तसे सर उंबऱ्यात आडवे उभे राहिले. दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"मुक्ताबाई, इथं रडायचं नाही."

"सर, गया गेलीय. रडू द्या."

"निघू द्या आधी," सर म्हणाले. "मी कोणाला ठरवू देणार नाही."

लोक कुजबुजत मागे सरले. इंग्रजी शिकून माणूस आतून वाळला, असं कोणीतरी म्हणालं. मी जवळ उभी होते म्हणून मला त्यांचे हात दिसत होते. चौकट धरलेली बोटं पांढरी पडली होती. शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि तसाच बाजूला थुंकला.

पोलीस बसवून परभणीपर्यंत एक गाडी सुटली तेव्हा ते निघाले. शाळा बंद झाली होती. घरी हिंगोलीला जाते असं सांगून मीही त्या गाडीत बसले. खरं कारण असं की त्यांना एकट्याला सोडायची मला भीती वाटत होती आणि वस्तीत एकटी राहायचीही. गाडीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. वाटेत एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला जळकं छप्पर पडलेलं दिसलं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळे समोर बघू लागले. पुढच्या बाकावरच्या माणसाने सरांना विचारलं, "कोण गाव?" सरांनी शाळेचं गाव सांगितलं. तो म्हणाला, "आडनाव?" सरांनी आडनाव सांगितलं. तो माणूस खिडकीबाहेर वळला. परभणी येईपर्यंत त्याने मान आत वळवली नाही.

झरीकडच्या गाड्या बंदच होत्या. तिकडून पळून आलेली माणसं एका गोदामात उतरवली आहेत असं ऐकलं, म्हणून तिथे गेलो. ओल्या कपड्यांचा आणि धुराचा वास येत होता. सर एकेकापुढे बसून विचारत होते. एक म्हातारा म्हणाला, गया घरातच होती, ओरडणं ऐकलं. सरांनी विचारलं, आवाज तिचाच होता का? म्हाताऱ्याला सांगता आलं नाही. एका पोरीने सांगितलं, ज्वारीत शिरताना पाहिली, पाठीवर कोणीतरी होतं. तिसरी एक बाई म्हणाली, सरकारी दवाखान्यात बघा, तिथं लय जण नेलेत.

दवाखान्याच्या वाटेवर सर इतके हळू चालत होते की मला पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. फाटकाशी आल्यावर ते थांबलेच. म्हणाले, "ताई, तुम्ही आत जाऊन बघता?" मी निघाले, तेवढ्यात ते म्हणाले, "नको. मीच बघतो."

मी मागोमाग गेले. मागच्या व्हरांड्यात गयावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगड्याला चिखल, एका हाताला पट्टी, केस राखेने करडे. सर समोर उभे राहिले तरी त्यांना ओळख पटायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "मायला पाठीवर घिऊन ज्वारीत बसले व्हते. वरून पाऊस. ती बोलायली व्हती, मंग बोलायची थांबली. मी तशीच धरून बसले. सकाळी माणसं आली तव्हा त्यांनी सांगितलं, गेली म्हणून."

"तू पाहिलंस?" सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"माझ्या पाठीवरच व्हती ना."

तेव्हा सर खाली बसले आणि रडले. सासूसाठी रडले. मोठ्याने, तोंड न झाकता, इतके दिवस आत दाबलेलं सगळं एकदम. दवाखान्यातली माणसं बघू लागली. वहिनींनी पट्टी नसलेला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

वहिनींना घरी आणल्यावर मुक्ताबाईंनी दारातच त्यांना मिठी मारली आणि मग झालेलं सगळं सांगितलं, सरांनी कोणाला रडू दिलं नाही हेही. मी तिथेच होते. वहिनींनी सरांकडे पाहिलं. "समदे रडायले व्हते म्हनं. तुमी न्हाई?"

"रडलो असतो तर ठरलं असतं," सर म्हणाले.

"मंग काय करायले व्हते तुमी?"

"भीत होतो."

वहिनी तशाच चुलीपाशी गेल्या. पण काडी ओढता येईना. काडी पेटायचा आवाज झाला की त्या अंग चोरायच्या. त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस सरांनीच चूल पेटवली. भाकरी मुक्ताबाई करून देत.

शाळा सुरू झाली. सर पूर्वीसारखेच शिकवत, पण पेपर वर्गात आणणं त्यांनी सोडलं. पुस्तकातलेच धडे घेत. वहिनी घराचं दार लावू देत नसत, ना ऊन लागलं म्हणून, ना पाऊस आत आला म्हणून. त्या माहेरच्या वाटेने पुन्हा गेल्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये सरांची बदली नांदेडकडे झाली. ती त्यांनी मागून घेतली होती.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. सामान वर चढलं, वहिनी खिडकीशी बसल्या. सर खालीच उभे होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आता एकट्या राहणार. रात्रीची भीती वाटली तर शेजारी सांगा. कशाची वाटते ते सांगत बसू नका. नुसतं वाटते म्हणा."

"लोक हसतील सर."

"हसू द्या."

गाडी गेली. सरांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही वहिनींनीच कोणाकडून तरी कळवलं म्हणून.

गाडी गेली त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि शेजारचं कुलूप लागलेलं दार दिसलं. मी बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिले. मग पलीकडे गेले आणि भाकऱ्या थापत बसलेल्या मुक्ताबाईंना म्हटलं, "मला भीती वाटायलीय."

मुक्ताबाईंनी वर पाहिलं. तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले, आणि खुंटीवरची गोधडी काढून माझ्या आधी माझ्या घराकडे चालू लागल्या.