दोन गटांमधले सामने

एका शनिवारी माझा भाऊ वारला.

आम्ही दोघं अमेरिकेत शिकलो, पण वेगवेगळ्या विद्यापीठांत. तिथे विद्यापीठांचे फुटबॉल संघ गटागटांत वाटलेले असतात. तंजावूरला परतल्यावरही दर हंगामाच्या सुरुवातीला वाद व्हायचा: कुणाच्या विद्यापीठाचा फुटबॉल गट बलवान? रविवारी पहाटे लॅपटॉपवर तिथल्या शनिवारच्या सामन्याचे रात्रीचे दिवे असायचे आणि खिडकीत आमची उजाडणारी भातशेतं. कॉफी निवत राहायची. त्याच्या गटातला संघ माझ्या गटातल्या संघाशी खेळला, तरच तो निकाल वहीत मांडायचा. मग प्रत्येक गटाचे आपसातले सामने सुरू झाले, की वही मिटायचा.

“आता घरातली भांडणं, अक्का. त्यावरून घराचं बळ कळत नाही. तू हरलीस.”

यंदा बरोबरी होती आणि दोन गटांमधला एकच सामना उरला होता. तेराव्यानंतर मी निकाल पाहिला आणि त्याच्या रकान्यात लिहिला.

वहीत त्याचा गट एका विजयाने पुढे आहे.