खंडेनवमीचा ब्रेक

आमच्या गाडीचा ब्रेक इतका किंचाळायचा की ठाकुर्लीतल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन मी वळणावर असतानाच गेट उघडून उभा राहायचा. मला ती सोय वाटायची. नवऱ्याला लाज वाटायची. त्याला गाडी चालवता येत नाही, शिकायचीही नाही, पण लाज मात्र सगळी त्यालाच.

"ऑफिसमधला एकजण गाडी घ्यायला तयार आहे," एका रविवारी पोहे खाता खाता तो म्हणाला. "दसऱ्याला सकाळी येतोय. मुहूर्तही चांगला आहे."

"कोणाची गाडी?"

"आपली."

"आणि आपल्यातलं कोण चालवतं ती?"

डोकंच फिरलं माझं. त्रेचाळिसाव्या वर्षी, क्लचवर रडत, शिव्या खात मी गाडी शिकलेले. कोपरीला क्लासमध्ये गणित शिकवायला मी रोज त्याच गाडीने जायचे. "सोडतोस का, न्यायला येतोस का" असं कुणालाही न विचारता घराबाहेर पडणं मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं, आणि हा माणूस ते पोह्यांवर लिंबू पिळता पिळता विकायला निघाला होता. कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तह ठरला तो असा: दसऱ्याच्या आत ब्रेकचा आवाज गेला, तर गाडी राहणार. नाही गेला, तर गाडी त्या माणसाची.

गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, आता दसऱ्यानंतरच आणा. उभं राहायला जागा नाही." मी घरी येऊन जाहीर केलं की मीच दुरुस्त करणार. नवरा हसला. बस, त्या हसण्यावर माझं नक्की झालं.

आधी आवाज कुठून येतो ते शोधायला हवं होतं. चारही काचा खाली केल्या, सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी हळूहळू फिरवली. सासूबाईंचे कान म्हणजे काय सांगू! तिसऱ्या मजल्यावर कोणी मिक्सर लावला तर चटणी चालली आहे की इडलीचं पीठ, ते त्या खाली गेटपाशी उभ्या राहून सांगतात. दोन चकरांत त्यांनी निदान केलं. "डावीकडे, पुढच्या चाकात. दाबलास की ओरडतो, सोडलास की गप्प." डॉक्टरसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाहीत.

मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ बघून मला कळलं की आवाज काढायला एक पत्र्याची जीभ कंपनीच बसवते. चाकाच्या आत लोखंडी थाळीसारखी डिस्क असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला पकडतात. पॅड झिजत आले की ही जीभ डिस्कला घासते आणि बोंबलते, म्हणजे मालकाने जागं व्हावं. गाडी बिचारी महिनाभर मला हाका मारत होती.

मी कल्याणहून नवीन पॅडचा सेट आणला. नट-बोल्ट आवळायचे पाने मात्र घरातच होते. सासरे ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. ते जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांची हिरवी पत्र्याची पेटी सासूबाईंनी कपाटात देवासारखी जपलेली. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "घे. पण मोजून परत दे."

पॅड जोडीने बदलायचे असतात, म्हणून उजवी बाजू अष्टमीला उरकली. नवमीला सकाळी डावं चाक काढलं. मागच्या चाकांना दगड, खाली जॅक, अंगावर नवऱ्याचा जुना टीशर्ट. झिजलेले पॅड बाहेर आले ते पापडाइतके पातळ. नवीन बसवले, बोल्ट आवळले, पेटीत पाने मोजून ठेवले आणि चाक चढवायच्या आधी कुकर बंद करायला वर गेले. दहा मिनिटांत खाली आले. पेटी नव्हती. खंडेनवमी होती, सासूबाई हत्यारं पूजेला घेऊन गेल्या असणार. ब्रेकवर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं दिसलं. मला इतकं भरून आलं की मी त्या ब्रेकला नमस्कार केला, चाक चढवलं, गाडीच्या डिकीतल्या पान्याने नट आवळले आणि नवऱ्याला हाक मारली.

"ये, बस. ऐक."

सोसायटीत हळूहळू एक चक्कर मारली. ब्रेक दाबला. आवाज नाही! पुन्हा दाबला. शांत! नवऱ्याचं तोंड असं पडलं की मला गुदगुल्या झाल्या. मी तोऱ्यात गाडी गेटकडे नेली आणि ब्रेक दाबला. गाडीने उजवीकडे मान वळवली आणि ती जातच राहिली. गरब्याच्या मांडवाशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या होत्या. त्या सगळ्या आडव्या करून, हँडब्रेक ओढल्यावर, बाईसाहेब थांबल्या. माणूस कोणी नव्हतं, देवाची कृपा. वॉचमन आधीच पळालेला.

"आवाज गेला," नवरा म्हणाला. "ब्रेकसकट गेला."

चाक पुन्हा काढलं, तर आतून वास आला. ओळखीचा, शाळेत वेण्या घालताना यायचा तो. खोबरेल तेल! डिस्क समईसारखी लखलखत होती.

"अहो आई!" मी खालूनच ओरडले. खिडकीत सासूबाई आल्या. "ब्रेकला तेल लावलंत?"

"गंज चढलेला गं त्या थाळीवर. पुसली, तेलाचा हात फिरवला. दर नवमीला लोखंडाला लावतेच की मी!"

"अहो, ब्रेकला तेल लावतं का कोणी? मेलो असतो आम्ही!"

सगळ्या सोसायटीसमोर ओरडले मी. त्यांनी खिडकी लावून घेतली. मला लगेच स्वतःची लाज वाटली, पण राग काही उतरेना. रिक्षा करून पुन्हा कल्याणला गेले, दुसरे पॅड आणि डिस्क पुसायचा स्प्रे घेऊन आले. परत येईपर्यंत चार वाजले. आता पाने हवे होते, आणि पाने पाटावर मांडलेले, गंध-फूल वाहिलेले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कडक नियम. सासरे हयात असताना त्या दिवशी घरात साधी विळीही कोणी उचलायचं नाही, सकाळीच भाजी चिरून ठेवायची.

मी देवघराच्या दारात उभी राहिले. मागायचं तोंड नव्हतं मला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटावरच्या झेंडूची फुलं एकेक करून बाजूला ठेवली, हात जोडले आणि सगळे पाने पदरात घेऊन उठल्या. "चल. मीच बिघडवलंय ना? मग मला पण दाखव."

मी डिस्क स्प्रे मारून फडक्याने तीनतीनदा पुसली, तेल प्यायलेले पॅड फेकून दिले. सासूबाई स्टुलावर बसून नट सांभाळत होत्या. शेवटचे दोन बोल्ट मी त्यांना आवळायला दिले. दात-ओठ खात, पायाचा रेटा देत आवळले त्यांनी. नंतर मी तपासले, तर माझ्याहून घट्ट! मग मी पेडल चांगलं दाबून दाबून घेतलं आणि आम्ही दोघी गेटपर्यंत पाच वेळा गेलो. पाचही वेळा गाडी आवाज न करता जागच्या जागी थांबली.

दसऱ्याला सकाळी तो माणूस आला तेव्हा मी निर्धास्त होते. आवाज गेला होता, तह म्हणजे तह. पण नवरा म्हणाला, "आलाच आहे तर एक चक्कर मारू दे त्याला." त्याने मारली, आम्ही सगळे आत बसलेलो. तो खूश. "ब्रेक एकदम मस्त आहेत हो! घेतली समजा." आणि माझा नवरा, चक्क माझ्यासमोर, मान हलवायला लागला. "नाही म्हणजे, मी शब्द दिलाय त्याला..." 

तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "कालच ही गाडी ब्रेक दाबूनही थांबली नव्हती हं. सगळ्या खुर्च्या पाडल्या."

त्या माणसाने वळून पाहिलं.

"ब्रेक मीच बसवलेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "या हातांनी. वय बहात्तर. पहिलीच वेळ."

तो माणूस आपट्याचं पान देऊन, चहा न घेता गेला.

"आई, काय हे!" नवरा तडकला. "घाबरवलंस त्याला!"

"मी काय खोटं बोलले?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचे पाने चाळीस वर्षं पुसले मी. एकदाही वापरू दिले नाहीत त्यांनी मला. हिची गाडी विकायची नाही, सांगून ठेवते."

नवरा खाली मान घालून गाडीतून उतरला. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, आणि सासूबाई मागून माझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "पुरे गं. मला आता ते मागच्या चाकाचं पण शिकव."