सोमाभाऊंचं मडकं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली — तिलाही नाही. पण तुम्ही माझ्या नजरेचं, माझ्या पाखरांच्या ज्ञानाचं इतकं कौतुक करता की आता गिळून बसवत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. सिंदेवाहीकडच्या एका गावात मी नवा मास्तर होतो. गावाला मोठा तलाव, आणि तलावावर सोमाभाऊ — मासे धरणारे ढिवर, पन्नाशीचे, अक्षरशत्रू. पण काय माणूस! डोळे मिटून, नुसत्या पंखांच्या आवाजावरून पाखरू ओळखायचे. मी पुस्तकात ताडून पाहायचो. पुस्तकाची चित्रं चुकत, सोमाभाऊ चुकत नसत.

आणि त्यांची ती रीत! दिवाळीपासूनच चार रिकामी मडकी तलावात तरंगत सोडायची. पाखरांना त्यांची सवय झाली की डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं एक मडकं आपल्या डोक्यावर पालथं घालायचं आणि गळाभर पाण्यातून चालत जायचं. बदकं हातभर अंतरावर येतात. त्यांच्या बापानं हे केलं ते बदकं धरायला. सोमाभाऊ मात्र नुसती पाहून रिकाम्या हातानं परत यायचे आणि घरी बोलणी खायचे.

त्या पौषात नागपूरहून एक साहेब शनिवार-रविवार पाखरं पाहायला आले. भला माणूस. गळ्यात दुर्बीण, छातीत दमा. शनिवारी सोमाभाऊंनी इतकी पाखरं दाखवली की साहेबांची वही पुरेना. संध्याकाळी सोमाभाऊ हळूच म्हणाले, पलीकडच्या गवतात सकाळी एक वेगळंच पाहिलं — बगळ्याहून उंच, गुलाबी, चोच मधेच मोडल्यासारखी, डोकं उलटं करून चरणारं.

साहेब ताठ बसले. म्हणाले, हा तर रोहित, फ्लेमिंगो. समुद्रकाठचा पक्षी. इथं कुठून येणार?

"समुद्र मी नाई पाह्यला, साहेब," सोमाभाऊ म्हणाले. "पाखरू पाह्यलं."

ठरलं असं की पाण्यात उतरून मी पाहून यायचं. मी शिकलेला ना! मी 'हो' म्हणालो तर साहेब ते टिपण छापायला देणार, सोमाभाऊंच्या नावानं. जाताना सोमाभाऊंनी मला बाजूला घेतलं. "माहं नाव लिवल्यावर कसं दिसते, मास्तर?" मी काडीनं धुळीत लिहून दाखवलं. बराच वेळ पाहत राहिले, आणि मग त्या अक्षरांना वळसा घालून घरी गेले.

रविवारी धुकं होतं. त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर मडकं ठेवलं. "सावकास जा. पाखरू पान्याले नाई भेत, मानसाले भेते."

कमरेइतक्या पाण्यात गेलो आणि — कसं सांगू? मडक्यात माझाच श्वास घुमत होता. पायाला काहीतरी गुंडाळलं. वेल असेल. पण साप असला तर? माझी पाचावर धारण बसली. कमळांच्या आड सरकलो आणि तिथेच उभा राहिलो. पलीकडे गेलोच नाही. जाऊन यायला लागेल तेवढा वेळ काढला आणि परतलो.

"अगदी जवळून पाहिलं, साहेब. बगळे आहेत. दुसरं काही नाही."

'हो' का नाही म्हणालो? तीही लबाडीच, पण 'हो' म्हटलं असतं तर उलटतपासणी आली असती — पाय कसे, पंख कसे? 'नाही'ला कोण काय विचारणार? भ्यालेल्या माणसाला एवढी अक्कल बरोबर सुचते.

साहेब हसले, वही मिटली. गावात मग सोमाभाऊंना 'समुद्र' म्हणू लागले. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा त्यांच्या मागे ओरडायची. मी एकालाही दटावलं नाही. पुढच्या दिवाळीला तलावात मडकी दिसली नाहीत.

तो पक्षी तिथं होता का? मी पाहिला नाही. सोमाभाऊंनी पाहिला होता, म्हणजे होता.

एक राहिलं. खरं तर तेच सांगायचं आहे. मी पाण्याबाहेर आलो, 'दुसरं काही नाही' म्हणालो, तेव्हा सोमाभाऊ आपला दुपट्टा घेऊन माझं उघडं अंग पुसायला पुढे आले. गळाभर पाण्यात गेलेल्या माणसाचे खांदे ओले असतात. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाठ करून, मला आडोसा देऊन, ते पुसायला लागले.

"मास्तर लय भिजले, साहेब," म्हणाले.

साहेब पाच पावलांवर होते. सोमाभाऊ माझे कोरडे खांदे पुसत होते, आणि मी थंडीनं कुडकुडल्याचं सोंग करत उभा होतो.